'फील्ड' या इंग्रजी शब्दाचा अर्थ कसा लावायचा: वावरापासून रकान्यापर्यंत

परभणी जिल्ह्यातल्या एका गावात मी दहावीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. एका खरिपात पीक विम्याचा अर्ज मोबाईलवर भरत एक आजोबा आणि त्यांची नववीतली नात माझ्याजवळ बसली होती. शेवटचं बटण दाबलं की लाल अक्षरात एकच ओळ यायची, 'दिस फील्ड इज रिक्वायर्ड'. नातीनं अर्थ सांगितला, "आबा, हे शेत पाहिजे म्हणतंय." आबा म्हणाले, "कोणचं शेत? आपलं तर एकच वावर हाये, त्याचा गट नंबर टाकला की!" दोघांनी गट नंबर तीनदा खोडून पुन्हा टाकला. रिकामं राहिलं होतं ते खाली, बँकेच्या कोडचा रकाना.

पोरीनं अर्थ चुकीचा पाठ केला नव्हता. फील्ड म्हणजे शेत हे बरोबरच आहे. पण तिला एकच अर्थ दिला गेला होता, आणि हा शब्द रोज वेगळ्या जागी भेटतो: अर्जात, क्रिकेटच्या बातमीत, विज्ञानाच्या पुस्तकात, नोकरीच्या जाहिरातीत. म्हणून या एकाच शब्दावर हा लेख. वही-पेन घेऊन बसलात तर जास्त उपयोग होईल.

सुरुवात मुळापासून

जुन्या इंग्रजीत हा शब्द 'फेल्ड' असा होता. अर्थ होता उघडी जमीन, म्हणजे झाडी नसलेली, जंगलाच्या उलट. दक्षिण आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशाला 'वेल्ड' म्हणतात हे भूगोलात वाचलं असेल. तो डच शब्द याच कुळातला. इंग्लंडमधलं शेफील्ड शहर म्हणजे शीफ नदीकाठची उघडी जमीन. पुढे लोकांनी त्या उघड्या जमिनीला बांध घातले, पिकं घेतली, खेळ मांडले, लढाया केल्या, आणि प्रत्येक वेळी शब्द तोच राहिला.

आपल्याकडेही हेच घडलंय. संस्कृतातल्या 'क्षेत्र' या शब्दापासून प्राकृतातून आपलं 'शेत' आलं, हिंदीचं 'खेत'ही त्यातूनच. मूळ 'क्षेत्र' मात्र मराठीत वेगळं शिल्लक राहिलं आणि मोठमोठ्या अर्थांना लागलं: कार्यक्षेत्र, चुंबकीय क्षेत्र, तीर्थक्षेत्र. म्हणजे शेत आणि क्षेत्र ही एकाच घरची दोन भावंडं. इंग्रजीत दोघांचं काम एकटा फील्ड करतो. हे एवढं लक्षात आलं की निम्मी अडचण सुटते, कारण मग प्रश्न उरतो तो इतकाच: इथे शेत घ्यायचं, क्षेत्र घ्यायचं, की तिसरंच काही?

माझ्या मते या शब्दाच्या सगळ्या अर्थांत एक गोष्ट समान आहे. हद्द असलेली मोकळी जागा, आणि त्या हद्दीच्या आत काहीतरी चाललेलं. वावरात पीक चाललेलं असतं, मैदानात खेळ, अर्जाच्या चौकटीत अक्षरं. त्यामुळे वाक्य वाचताना आधी विचारा, या हद्दीच्या आत काय चाललंय?

पहिली पायरी: शेजारचा शब्द बघा

शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यावरून कळतो. फील्डच्या मागचे-पुढचे दोन-तीन शब्द अधोरेखित करा.

शेजारी कॉटन, सोयाबीन, प्लाऊ, फार्मर असं काही असेल तर शेत. प्लेअर, अंपायर, टॉस, मॅच असेल तर मैदान. मॅग्नेटिक, इलेक्ट्रिक, ग्रॅव्हिटेशनल असेल तर विज्ञानातलं क्षेत्र. रिक्वायर्ड, मॅन्डेटरी, ब्लँक, फिल, एंटर यांपैकी काही असेल तर रकाना. मेडिसिन, लॉ, एज्युकेशन असेल तर कामाचं किंवा अभ्यासाचं क्षेत्र. बॅटल असेल तर रणांगण. ऑइल किंवा कोल असेल तर जमिनीखाली तेल किंवा कोळसा असलेला भाग.

रकान्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण हल्ली सगळ्यात जास्त गाठ त्याच्याशी पडते. ऑनलाइन अर्जात प्रत्येक रिकामी चौकट म्हणजे एक फील्ड. नावाशेजारी लाल चांदणी दिसली की तो रकाना सोडता येत नाही. संगणकाच्या तक्त्यातही तसंच: एका माणसाची आडवी ओळ म्हणजे एक नोंद, आणि त्या नोंदीतलं नाव, गाव, गट क्रमांक, पीक हे एकेक फील्ड. ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्यानं आपल्या पिकाची मोबाईलवर नोंद करणं, 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झाली, तेव्हापासून शेतकऱ्यांच्या घरोघरी हे रकाने पोचलेत. अशा अर्जावर मराठीत 'क्षेत्र' लिहिलेलं दिसलं की तिथे फील्ड नसतं, एरिया असतो. म्हणजे जमीन किती, ते हेक्टर-आरमध्ये. 1 हेक्टर म्हणजे 100 आर. 1 एकर म्हणजे 40 गुंठे, साधारण 40.47 आर. तुमची जमीन दोन एकर असेल तर त्या चौकटीत 2 लिहायचं नाही; 0.81 हेक्टर, म्हणजे 0 हेक्टर 81 आर. नुसतं 2 लिहिलंत तर कागदावर जवळपास पाच एकर जमीन होते.

दुसरी पायरी: आधी 'इन' आहे की 'ऑन'?

हे मुलांच्या नजरेतून नेहमी सुटतं.

'ऑन द फील्ड' आलं की बहुतेक वेळा खेळाचं मैदान. 'प्लेअर्स आर ऑन द फील्ड', खेळाडू मैदानावर आहेत. मराठीतही आपण बहुधा मैदाना'वर' म्हणतो, शेता'त' म्हणतो. दोन्ही भाषा इथे एकाच वाटेनं चालतात, म्हणून हे लक्षात ठेवायला सोपं आहे.

'इन द फील्ड ऑफ' आणि पुढे एखादा विषय आला की अमुक क्षेत्रात. 'इन द फील्ड ऑफ एज्युकेशन', शिक्षण क्षेत्रात. यातला 'ऑफ' महत्त्वाचा.

नुसतं 'इन द फील्ड' आलं तर मात्र थांबा. त्याचे दोन अर्थ होतात. एक, शेतात. दुसरा, ऑफिसबाहेर, प्रत्यक्ष जागेवर. जमिनीचं मोजमाप करणारे, जनगणनेचे कर्मचारी, खतांच्या कंपनीचे प्रतिनिधी, हे सगळे 'इन द फील्ड' काम करतात आणि त्यातल्या कित्येकांचा शेताशी काही संबंध नसतो. आपल्याकडे यासाठी फार छान शब्द आहे: फिरती. 'साहेब फील्डवर गेलेत' असं आपण सर्रास म्हणतो, पण 'साहेब फिरतीवर आहेत' हे आपल्या आजोबांच्या पिढीचं वाक्य अजून तितकंच चालतं. जाहिरातीत 'फील्ड जॉब' दिसला तर फिरतीची नोकरी समजा आणि गाडी लागेल का, भत्ता मिळेल का, हे आधी विचारून घ्या.

माझ्या एका विद्यार्थिनीनं मुलाखतीत सांगितलं होतं, 'माय फादर वर्क्स इन द फील्ड.' समोरून प्रश्न आला, 'विच फील्ड?' ती गोंधळली. तिचं वाक्य व्याकरणानं शंभर टक्के बरोबर होतं, पण ऐकणाऱ्यानं दुसरा अर्थ घेतला. अशा वेळी 'माय फादर इज अ फार्मर' किंवा 'ही वर्क्स ऑन अवर फार्म' म्हणावं. 'फील्ड्स' असं अनेकवचन वापरलं, 'ही वर्क्स इन द फील्ड्स', तरी शेतच कळतं.

तिसरी पायरी: नाम आहे की क्रियापद?

फील्डला 'एड' किंवा 'इंग' लागलेलं, किंवा आधी 'टू' आलेलं दिसलं की बहुधा क्रियापद. क्रिकेटमध्ये 'दे चोज टू फील्ड' म्हणजे नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतलं. राजकारणाच्या बातमीत 'द पार्टी फील्डेड अ न्यू कॅन्डिडेट' म्हणजे पक्षानं नवा उमेदवार रिंगणात उतरवला. इथे शेत किंवा क्षेत्र आणलंत तर वाक्य बिघडतं. रिंगण, आखाडा, मैदान हेच शब्द हवेत. 'शी फील्डेड मेनी क्वेश्चन्स' याचा अर्थ तिनं बरेच प्रश्न झेलले. चेंडू झेलावा तसे. आपलं 'झेलणे' इथे अगदी चपखल बसतं.

स्पर्धेतल्या सगळ्या उतरलेल्यांनाही मिळून फील्ड म्हणतात. जालना-परभणीकडच्या शंकरपटात चाळीस बैलजोड्या उतरल्या, तर इंग्रजीत लिहिणारा 'अ फील्ड ऑफ फॉर्टी' लिहील. तिथे मैदानाची लांबी-रुंदी शोधत बसू नका.

चौथी पायरी: शेत म्हटलं तर कोणतं शेत?

आता मराठीची बाजू. इंग्रजीत एक फील्ड, आणि आपल्याकडे? वावर, रान, शेत, मळा, पट्टी, तुकडा, माळ, पड, शिवार. हे सगळे एकमेकांच्या जागी बसत नाहीत, आणि भाषांतर करताना आपली श्रीमंती इथेच दिसते.

वावर म्हणजे कसलेलं, आपलं म्हणून ओळखीचं शेत. 'वावरात गेलाय' म्हटलं की माणूस कुठे आहे ते गावात कुणालाही कळतं. रान म्हणजेही शेत, पण त्यात मोकळेपणा जास्त. जंगलालाही रान म्हणतात. मळा म्हटलं की पाणी आलं, विहीर आली, भाजीपाला किंवा बागायत आली. पट्टी आणि तुकडा हे वाटणीनंतरचे शब्द. पड म्हणजे यंदा न पेरलेली जमीन, इंग्रजीत 'फॅलो फील्ड'. शिवार म्हणजे एकाचं शेत नव्हे, सगळ्या गावाची शेतजमीन मिळून. इंग्रजीत त्याला एक शब्द नाही, 'द फील्ड्स अराउंड द व्हिलेज' असंच म्हणावं लागतं.

उलट बाजूनं, इंग्रजीतल्या 'फार्म'ला फील्ड समजू नका. फार्म म्हणजे पूर्ण कारभार: जमीन, गोठा, विहीर, वावरातलं घर, सगळं. त्या फार्ममधला बांधानं वेगळा केलेला एक तुकडा म्हणजे फील्ड. एका फार्ममध्ये पाच फील्ड असू शकतात, एका फील्डमध्ये फार्म नसतं.

'मेडो' म्हणजे कुरण, गवत राखलेलं. 'पाश्चर' म्हणजे जनावरं चरायची जमीन. आपलं गायरान त्याच्या जवळचं, पण गायरान ही गावाच्या सामाईक वापराची जमीन असते आणि पाश्चर एखाद्याच्या मालकीचंही असतं, एवढा फरक ध्यानात असू द्या. 'प्लॉट' आपल्याकडे घर बांधायच्या जागेला म्हणतात. इंग्रजीत प्रयोगासाठी आखलेल्या शेताच्या लहान तुकड्यालाही प्लॉट म्हणतात, गोष्टीच्या कथानकालाही आणि कटकारस्थानालाही. त्या शब्दावर वेगळा लेख लिहावा लागेल.

शेतीच्या कागदपत्रांत एक खास शब्द भेटतो, प्रक्षेत्र. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ किंवा कुठलंही संशोधन केंद्र आपल्या प्रयोगाच्या शेताला प्रक्षेत्र म्हणतं. 'फील्ड ट्रायल'ला प्रक्षेत्र चाचणी हा शब्द त्यातूनच. 'फार्मर फील्ड स्कूल' ही पद्धत 1989 मध्ये इंडोनेशियात भाताच्या शेतावर सुरू झाली: शेतकऱ्यांनी बांधावर जमून किडींचं निरीक्षण स्वतः करायचं. आपल्याकडे तिचं नाव झालं शेतीशाळा. तीन इंग्रजी शब्दांचा एक सुटसुटीत मराठी शब्द, आणि काही सांडलंही नाही. मला हे भाषांतर फार आवडतं.

'फील्ड कपॅसिटी': एक उदाहरण जवळून

कृषीच्या विद्यार्थ्यांना हा शब्द भेटतो आणि बरेच जण 'शेताची क्षमता' असं भाषांतर करून मोकळे होतात. ते वाचून उत्पादनाबद्दल काही बोलणं चाललंय असं वाटतं. खरा अर्थ ओलाव्याशी आहे.

जमीन पावसानं चिंब झाली की तिच्या सगळ्या पोकळ्या पाण्यानं भरतात, हवेला जागा राहत नाही. मग जास्तीचं पाणी आपल्या वजनानं खाली निथळतं. एक ते तीन दिवसांनी, काळ्या भारी जमिनीत त्याहूनही उशिरा, निथळणं जवळपास थांबतं. तेव्हा मोठ्या पोकळ्यांत हवा शिरलेली असते आणि बारीक पोकळ्यांत पाणी धरलेलं असतं. त्या वेळी जमिनीनं जेवढं पाणी धरलंय, तेवढी तिची फील्ड कपॅसिटी.

आता मृगाचा पाऊस पडून गेल्यावर वावराच्या कडेला उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला बघा. तो मूठभर माती उचलतो, दाबतो, सोडतो. चिखलासारखी बोटांना चिकटली तर मान हलवतो. ढेकूळ झालं आणि अंगठ्यानं दाबताच भुरभुरलं, तर म्हणतो, "वाफसा झाला." पुस्तकातली आकड्यांची व्याख्या आणि त्याची मूठ एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. म्हणून फील्ड कपॅसिटी समजून सांगताना 'वाफशाला जमीन जेवढं पाणी धरते तेवढं' असं सांगा. मराठवाड्यातल्या पोराला ते लगेच कळतं. सोयाबीनची पेरणी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर वाफशावर करा, हा सल्लाही मग नुसता पाठ करावा लागत नाही.

पाचवी पायरी: उलट तपासा, प्रत्येक क्षेत्र फील्ड नसतं

मराठीतून इंग्रजीत जाताना सगळ्यात जास्त चुका इथे होतात. क्षेत्र दिसलं की फील्ड लिहायची सवय लागते, आणि मग 'प्रायव्हेट फील्ड' सारखं काहीतरी उत्तरपत्रिकेत येतं.

खाजगी क्षेत्र, सार्वजनिक क्षेत्र, बँकिंग क्षेत्र: यांना 'सेक्टर'. अर्थव्यवस्थेचा भाग असेल तर सेक्टर, माणसाच्या ज्ञानाचा किंवा कामाचा विषय असेल तर फील्ड. ग्रामीण क्षेत्र म्हणजे 'रूरल एरिया'. पैठणच्या जायकवाडी धरणाचं लाभक्षेत्र म्हणजे 'कमांड एरिया', कालव्यानं भिजणारी जमीन. आणि पाणलोट क्षेत्र म्हणजे 'कॅचमेंट एरिया', जिथून पाणी धरणात येतं. यांपैकी कुठेही फील्ड चालत नाही. तीर्थक्षेत्राला 'पिलग्रिमेज सेंटर' किंवा 'होली प्लेस' म्हणतात. तुळजापूर, परळी, औंढा नागनाथ यांच्याबद्दल इंग्रजी निबंधात 'होली फील्ड' लिहिलेलं मी तपासलेल्या वह्यांत दोनदा सापडलं. एखाद्या कचेरीच्या कार्यक्षेत्राला 'ज्युरिस्डिक्शन', माणसाच्या कार्यक्षेत्राला मात्र 'फील्ड ऑफ वर्क'.

विषय या अर्थाचे समानार्थी शब्दही सरसकट बदलता येत नाहीत. 'डिसिप्लिन' म्हणजे विद्यापीठात शिकवली जाणारी ज्ञानशाखा. तोच शब्द शिस्तीसाठीही आहे. 'डोमेन' म्हणजे अधिकार चालतो ती हद्द, आणि संगणकात संकेतस्थळाचा पत्ता. 'स्फिअर' जरा पुस्तकी, 'एव्हरी स्फिअर ऑफ लाइफ' अशा ठरलेल्या जागी शोभतो. 'स्पेशालिटी' म्हणजे क्षेत्राच्या आतलं खास अंग: वैद्यक हे फील्ड, नेत्ररोग ही स्पेशालिटी. शंका आली तर फील्ड किंवा एरिया लिहा, फार चुकणार नाही.

खेळातही असंच. गवताच्या मैदानाला फील्ड किंवा ग्राउंड, आखलेल्या कडक जागेला कोर्ट: कबड्डीचं कोर्ट, टेनिसचं कोर्ट. 'पिच' म्हणजे क्रिकेटमध्ये मधली 22 यार्डांची खेळपट्टी, पण इंग्लंडचा माणूस 'फुटबॉल पिच' म्हणाला तर तो अख्ख्या मैदानाबद्दल बोलतोय.

विज्ञानातलं क्षेत्र

शाळेत चुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस टाकायचा प्रयोग असतो. कागदाला टिचकी मारली की कीस ओळीनं लागतो, नांगरानं तास काढावेत तसा. 19व्या शतकात मायकेल फॅरडेंनी या रेषांवरून विचार मांडला की चुंबकाचा परिणाम भोवतालच्या जागेत पसरलेला असतो, आणि त्या जागेला फील्ड हा शब्द लावला. या वावराला बांध नसतो; परिणाम हळूहळू कमी होत जातो. मराठीत चुंबकीय क्षेत्र, विद्युत क्षेत्र, गुरुत्वीय क्षेत्र. डोळ्याला किंवा दुर्बिणीला जेवढं एका वेळी दिसतं ते 'फील्ड ऑफ व्ह्यू', दृष्टिक्षेत्र. भूगोलातली 'फील्ड व्हिजिट' म्हणजे क्षेत्रभेट.

जे तसंच ठेवायचं

काही ठिकाणी भाषांतर करू नये. 'फील्ड मार्शल' हा सैन्यातला सर्वोच्च हुद्दा. भारतीय सैन्यात तो दोघांनाच मिळाला, सॅम माणेकशा यांना 1973 मध्ये आणि के. एम. करिअप्पा यांना 1986 मध्ये. मराठी वृत्तपत्रं तो तसाच लिहितात. आणि गणितातलं 'फील्ड्स मेडल' हे तर जॉन चार्ल्स फील्ड्स या गणितज्ञाच्या आडनावावरून आहे. ते पहिल्यांदा 1936 मध्ये दिलं गेलं. 'क्षेत्र पदक' लिहिलंत तर माणसाचं नावच पुसलं जाईल.

वाक्प्रचारांत मात्र आपला वाक्प्रचार शोधा. 'दे हॅड अ फील्ड डे' म्हणजे त्यांना मोकळं रान मिळालं. दोन्ही भाषांत उघडीच जमीन आली, पण शब्दाला शब्द न लावता. 'लेव्हल प्लेइंग फील्ड' म्हणजे सगळ्यांना सारखी संधी. सपाट मैदान नको.

स्पेलिंग आणि उच्चार

स्पेलिंगमध्ये 'आय' आधी, 'ई' नंतर. उच्चारात 'फी' लांब. 'फिल्ड' असा आखूड म्हटलात तर 'भरलेलं' या अर्थाचा दुसराच शब्द होतो, आणि अर्जाच्या संदर्भात दोन्ही शब्द एकत्र येतात: 'द फील्ड इज नॉट फिल्ड', रकाना भरलेला नाही. हे वाक्य दहा वेळा मोठ्यानं म्हणा.

वहीत करून बघा

खालची वाक्यं वाचा, शेजारचा शब्द अधोरेखित करा, 'इन'-'ऑन' तपासा आणि मराठी लिहा. उत्तरं लगेच खाली आहेत, आधी झाकून ठेवा.

1. डोन्ट लीव्ह एनी फील्ड ब्लँक.
2. शी इज वेल नोन इन द फील्ड ऑफ मेडिसिन.
3. द कॅप्टन लेफ्ट द फील्ड विथ ॲन इंज्युरी.
4. द फील्ड इज टू वेट टू सो.
5. थ्री पार्टीज फील्डेड विमेन कॅन्डिडेट्स.
6. अवर टीम इज इन द फील्ड टुडे.

पहिल्यात ब्लँक आहे: एकही रकाना रिकामा सोडू नका. दुसऱ्यात 'ऑफ मेडिसिन': वैद्यकीय क्षेत्रात तिचं मोठं नाव आहे. तिसऱ्यात कॅप्टन: दुखापतीमुळे कर्णधारानं मैदान सोडलं. चौथं थोडं खास. 'वावर पेरायला फार ओलं आहे' चालेल, पण 'वावराला अजून वाफसा नाही' लिहिलंत तर मी पूर्ण गुण देईन. पाचव्यात क्रियापद: तीन पक्षांनी महिला उमेदवार रिंगणात उतरवल्या.

सहाव्याचं उत्तर एकट्या वाक्यावरून ठरत नाही. पुढचं वाक्य कापसाच्या वेचणीबद्दल असेल तर टोळी आज वावरात आहे, घरोघरच्या नोंदींबद्दल असेल तर पथक आज फिरतीवर आहे. वहीत दोन्ही लिहा.